त्रेसष्टनंतरचा बगळा

कागद आदल्या रात्री ओलवायचा असतो.
पहिल्याच दिवशी इथेलनं हातात बादली दिली
आणि म्हणाला, "ओला म्हणजे भिजका नव्हे,
वासराचं नाक असतं, तेवढा."
मी डोंगरावरची पोर, वासराची नाकं ओळखत होते.
नोकरी बहुतेक तेवढ्यावरच मिळाली.

तायवी नदीच्या वरच्या अंगाला, चॅपेलच्या जुन्या तबेल्यात
आमचा छापखाना.
घोड्यांच्या कड्या भिंतीत तशाच,
त्यांना दोऱ्या बांधून छापलेली पानं वाळत घालायची.
खिळ्यांच्या केसा इंग्लंडमधून जुन्या घेतलेल्या,
त्यामुळे डब्ल्यू आणि वाय कायम कमी पडायचे.
तिकडे ती अडगळीतली अक्षरं,
आमच्या वेल्श भाषेत ते स्वर.
चार पानं जुळवली की स्वर संपत.
मग ती छापायची, फर्मा सोडायचा,
खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे,
आणि त्याच स्वरांनी पुढची चार पानं बोलायची.
म्हातारा म्हणे, "माणसाकडे तरी श्वास कुठे दोन असतात?"

चित्रं हेलेदची.
वाळूच्या कातडी उशीवर बॉक्सवुडचा ठोकळा,
हातातली कोरणी स्थिर,
फिरायचं ते लाकूड, तिच्या बोटांखाली,
तव्यावर भाकरी फिरावी तसं.
ती कोरे ते पांढरं राहणार,
सोडून देई ते काळं होणार.
महिनाभर ती बगळ्याभोवतालचा उजेडच
काढत होती लाकडातून, कणाकणानं,
आणि बगळा आपोआप उरत गेला.

दीडशे प्रती काढायच्या होत्या.
जानेवारी. शाई गारठून मधासारखी घट्ट,
रूळ तिच्यावरून फिरताना कुजबुजल्यासारखा आवाज येई.
तो कुजबुज करेनासा झाला की शाई पातळ,
करकरला की जाड. मला कानानं शाई कळू लागली होती.
पण त्या सकाळी बोटं वळेनात
म्हणून शेगडी मी प्रेसजवळ ओढली.
मी. दुसऱ्या कुणी नाही.

चौसष्टावा कागद उचलला
आणि पाण्यातून एक पांढरी रेघ आडवी गेलेली,
केसाहून बारीक,
बगळ्याच्या पायांखालून थेट लव्हाळ्यापर्यंत.
इथेलनं दांडा सोडला.
मी शेगडीकडे बघितलं नाही,
म्हणजे दोघांनाही कळलं.

हेलेदला बोलावलं. पीठ लागलेल्या हातांनी आली.
भिंग लावून ठोकळा बघितला, मग कागद,
मग बराच वेळ खिडकीबाहेर, जिथे खरी नदी होती.
"चोचीतून गेली असती तर रडले असते," म्हणाली.
"पाण्यातून गेलीय. छापा."
तेवढंच बोलून ती पावाकडे परत गेली.

संध्याकाळी इथेलनं पुष्पिका मोडली
आणि एक ओळ नव्यानं जुळवली:
पहिल्या त्रेसष्ट प्रतींमध्ये नदी अखंड आहे.
कोणामुळे, ते नाही लिहिलं.
त्या ओळीसाठी दोन वाय कमी पडले,
ते त्यानं स्वतःच्या नावातून आणि आडनावातून काढले,
आणि शंभराहून जास्त प्रतींवर... नाही, सगळ्या प्रतींवर
मुद्रकाचं नाव चुकीचं छापलं गेलं.

पुढे कार्डिफहून एका संग्राहकाचं पत्र आलं.
आपली प्रत एकशे अकरावी, त्यानं लिहिलं होतं,
पाण्यावरची ती एक रेघ कोरायला
बाईंना किती दिवस लागले असतील?
हेलेदनं पत्र मला वाचायला दिलं
आणि उत्तरही मलाच लिही म्हणाली.

ते मी अजून लिहिलेलं नाही.
ठोकळा माझ्याकडे आहे, फडक्यात गुंडाळलेला.
दमट दिवसांत भेग मिटते,
बोट फिरवलं तरी सापडत नाही.
शाई लावून बघावं असं वाटतं कधीकधी.
मग थंडी पडते.